गोदाबाईंच्या वडिलांची दाढी

शाळेत लिहून उरलेले खडूचे तुकडे बाबा शर्टाच्या खिशात घालून घरी आणायचे, आणि आई कपडे भिजवताना दर वेळी तेच म्हणायची, "शैले, तुह्या बाबाले इचार, खिशात दुकान टाकलं का म्हणा." ते तुकडे पदकांसाठी असत. पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. हाताळून हाताळून ती झिजतात आणि चांदीच्या रंगात मिसळून जातात. त्यांवर खडू आडवा घासायचा, मग कोरड्या बोटाने वरचा थर पुसून टाकायचा. खाचांत बसलेलं पांढरं तेवढं राहतं आणि एक नाव वर येतं. आधी नंबर, मग शिपाई की नाईक की भिस्ती ते, मग नाव, शेवटी पलटणीची अक्षरं. बाबांना चष्मा लावूनही ते नीट दिसत नसे. वाचायचं काम माझं. मी खिडकीशी बसून पदक फिरवत एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची, बाबा मान खाली घालून ऐकायचे, आणि नाव पुरं झालं की दारात कोणी आल्यासारखे म्हणायचे, "या."

आम्ही खामगावात चांदीच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहायचो. सकाळी दूध तापायच्या आत हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत चालायचा. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा. आम्हाला तो थांबला की चुकल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकघरात आईचं शिलाई मशीन होतं, त्याच्या उजवीकडच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनी आणि डावीकडच्यात मेलेले शिपाई, असं आईच सांगायची. बाबा शाळेत इतिहास शिकवत. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली पुष्कळ माणसं गेली, इराकात बसऱ्याकडे नदीकाठी लढली, आजारानं मेली, आणि प्रत्येकाच्या नावानं चांदीचं एक गोल पदक आलं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीतही नव्हती. पदकं मात्र होती. नातवंडांच्या काळात ती जोडवी नाही तर करदोडा करून घ्यायला खामगावात यायची आणि मुशीत जायची. बन्सीशेठ म्हणून एक चांदीवाले होते, ते असं पदक आलं की बाजूला ठेवत आणि नोकराकडून निरोप पाठवत, "सरांना सांग, पाहुणा आलाय." बाबा तेवढ्याच वजनाची घरातली चांदी नेऊन देत आणि पदक घेऊन येत. माझ्या उष्टावणाची वाटी अशी गेली. आईचे छल्ले गेले. आई कुरकुरायची, पण चांदीची वस्तू फडक्यात बांधूनही तीच द्यायची.

बाबांना पदक जमवायचं नव्हतं, माणूस शोधायचा होता. ते कचेऱ्यांना पत्रं लिहीत. उत्तर बहुधा येत नसे, आलं तर कागदपत्रं उपलब्ध नसल्याचं येई. कडेवर गावाचं नाव नसतंच. मग त्यांनी आपली एक रीत काढली होती. त्या लढाईला ज्या घरातला माणूस गेला त्या घराला गावानं काहीतरी नाव चिकटवलेलं असतं. बसऱ्यावाले, पलटणवाले, जर्मनवाले. आडनाव बदलतं, शेत विकलं जातं, हे नाव जात नाही. बाबा सुटीत एकेका गावच्या आठवडी बाजाराला जात, चहाच्या हॉटेलात बसत आणि म्हाताऱ्यांना विचारत. बरोबर मी. जळगाव जामोदला आम्ही उन्हात अख्खा बाजार पालथा घातला आणि गवारीच्या शेंगा घेऊन परत आलो. पिंपळगाव राजाला एका आजोबांनी मोठ्या खात्रीनं आम्हाला पलटणवाल्यांच्या घरी नेलं. तिथं विचारल्यावर घरधनी लाजून म्हणाले, "लढाई गिढाई काही नाही गुरुजी. माह्या आजाले लय लेकरं होते, म्हणून पलटणवाले." बाबा हसले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, पाणी पिऊन झाल्यावर हसले.

हे मी फार सावकाश लिहिते आहे. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं आहे आणि एका बैठकीत चार ओळींच्या पुढे हात जात नाही. डावीकडचा ड्रॉवर तसाच आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अमोल म्हणतो, "आत्या, आता सगळं ऑनलाइन सापडतं, नाव टाक फक्त." एका दुपारी त्याच्या लॅपटॉपवर मी एका पदकावरचं नाव टाकलं. एकाच नावाची माणसं रांगेनं आली, तीच अक्षरं, निराळे नंबर, निराळ्या पलटणी. त्यांतला आपला कोण हे सांगायला चहाच्या हॉटेलातला म्हातारा नव्हता. माझे डोळे दुखायला लागले. मी त्याला म्हटलं, राहू दे.

तर त्या उन्हाळ्यात, मी दहावीला जाणार होते तेव्हा, बन्सीशेठचा निरोप आला. आम्ही गेलो. त्यांनी तळहातावर पदक ठेवून पुढे केलं आणि म्हणाले, "सर, हे जरा अलग प्रकरण हाये." पदकाला फीत अडकवायची वरची पट्टी नव्हती, कोणीतरी ती कापून कड घासून गुळगुळीत केली होती. एका बाजूला इंग्रजांच्या राजाचं दाढीवालं तोंड असतं, ते जवळजवळ सपाट झालं होतं. दुसऱ्या बाजूचा घोडेस्वार तर नुसता उंचवटा राहिला होता. आणि राजाच्या दाढीच्या खाचेत, कानाच्या कडेला, कुंकू बसलं होतं. सुकून काळं पडलेलं, वर्षानुवर्षांचं.

"देव्हाऱ्यातलं आहे हे," बाबा म्हणाले.

"हो न. धाड गावाकडची मंडळी होती. लग्न हाये घरात, त टाक उजळायले आणले होते."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवांत ठेवतात, आणि घरात लग्न निघालं की सगळे टाक सोनाराकडे नेऊन उजळून घेतात, म्हणजे पूर्वज लग्नाला स्वच्छ होऊन येतात. त्या घरच्या टाकांत हे पदक होतं. बन्सीशेठनी ते ओळखलं आणि लग्नघरच्या कर्त्या माणसाला सांगितलं, अहो, हा तर इंग्रजायचा राजा. तो माणूस सगळ्या दुकानासमोर खजील झाला. त्यानं ते मोडीत टाकलं आणि त्याच्या बदल्यात पुरुषाचा एक नवा टाक ठशातून काढून घेतला.

घरी येऊन मी खडू घासला. तोंड झिजलं होतं तरी कड शाबूत होती, कारण पूजा तोंडाची होते, कडेची कोणी करत नाही. नंबर आला, शिपाई आलं, नाव आलं. सखाराम आणि पुढे बापाचं नाव. बाबा "या" म्हणाले आणि त्या दिवशी जेवायलाही उठेनात. आईनं फुणके आणि कढी केली होती. तिनं ताट मशीनवरच आणून ठेवलं आणि विचारलं, "याच्या बदल्यात काय गेलं?"

"अत्तरदाणी."

"माह्या लग्नातली?"

बाबांनी मान हलवली. आई थोडा वेळ कढीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चला, अत्तरदाणी गेली बसऱ्याले." त्यानंतर आमच्या घरात जे सापडेनासं होई, कात्री, छत्री, माझी कंपासपेटी, ते सगळं बसऱ्याले गेलेलं असे.

धाडला जायचं ठरलं. हा पहिला शिपाई होता ज्याचं नाव, पदक आणि मुलूख तिन्ही हाताशी आले होते, आणि बाबांच्या अंगात मी कधी न पाहिलेली घाई होती. पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. बोथ्याच्या जंगलात पानगळ झाली होती, बुलढाण्याला गाडी बदलली, आणि धाडला उतरलो तेव्हा बाजार भरत होता. दुसऱ्याच हॉटेलात बसऱ्यावाल्यांचा पत्ता लागला. एकानं जीपमध्ये बसवून दिलं. वाटेत बाबा मला सांगत होते काय काय विचारायचं ते. परत आला की नाही? घरच्यांना कळलं कसं? फोटो आहे का? पदक त्यांच्या आतल्या खिशात होतं. त्यांनी ते परत द्यायला आणलं नव्हतं. दाखवायला आणलं होतं.

घराच्या अंगणात मांडवाच्या बल्ल्या पडल्या होत्या, रोवल्या नव्हत्या. ओसरीवर एक साठीची बाई भिंतीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले नाहीत, डोळे रडलेले नाहीत, पण कोणीही आलं तरी उठायचं नाही असं ठरवून बसलेली. तिचा मुलगा पुंजाजी आम्हाला सामोरा आला. बाबांनी ओळख सांगितली, सखारामांचं नाव घेतलं, तसा तो एकदम मोकळा झाला.

"बरं झालं बाप्पा तुम्ही आले. मास्तर मानूस हाये तुम्ही. हे माही माय, गोदाबाई. तिले सांगा आता तुम्हीच. पोरीचं लगन तोंडावर आलं अन् हे देव बसू देऊन नाही राह्यली. म्हणते माहा बा आणा पह्यले."

गोदाबाई म्हणाल्या, "त आणा न."

"नवा आणला न, माय! चांगला भारी टाक आणला."

"थो कोन हाये? मी नाही वळखत त्याले."

त्यांनी नवा टाक देव्हाऱ्यात ठेवू दिला नव्हता. तो ओसरीतल्या कोनाड्यात होता, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. आत देव्हाऱ्यात बाकीचे टाक उजळून लखलखत होते आणि त्यांच्यामध्ये एका रिकाम्या जागी सुपारी ठेवली होती.

बाबा त्यांच्यासमोर खाली बसले. मी बाबांच्या मागे. पुंजाजीच्या बायकोनं चहा आणला, बशा समोर ठेवल्या. गोदाबाई कोणी न विचारता बोलायला लागल्या. त्या पोटात होत्या तेव्हा वडील लढाईवर गेले. परत आले नाहीत. भाऊ नाही, बहीण नाही, म्हणून नवरा घरजावई आला आणि त्या याच घरात म्हाताऱ्या झाल्या. "लहानी होतो तवा मायले पुसो, माहा बा कसा होता व? मंग माय देवातून टाक काढे अन् माह्या हातात दे. म्हणे, हे पाह्य, असा. मी म्हणो, दाढी होती? माय म्हणे, इथून गेला तवा नोती. तिकडे गेल्यावर वाढवली असन." त्यांनी अंगठ्यानं तळहात चोळला. "रोज आंघोळ घातली मी त्याले. चिंच लावून, हलक्या हातानं. नाक गेलं त्याचं माह्या हातानं. पन दाढी हाये अजून."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा बशीकडे पाहत होते.

त्यांनी खिशातून पदक काढलं. गोदाबाईंनी ते घेतलं नाही, झडप घातली. पदराच्या टोकानं पुसलं, डोळ्यांशी नेलं, मग कपाळाला लावलं. "बा, कुठी गेलता रे?" त्या म्हणाल्या, लेकराला रागवावं तशा. आणि मग पहिल्यांदाच, आमच्यादेखत, रडल्या.

पुंजाजी वाईट माणूस नव्हता. पण मांडव अडला होता, सोयरे विचारत होते, आणि दुकानात झालेलं हसं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. तो म्हणाला, "गुरुजी, आता तुम्हीच सांगा तिले खरं. थो आमचा आजा नाही. इंग्रजायचा राजा हाये थो. शहरात लोक हासले मले. राजाचं तोंड पुजून राह्यले म्हणे तुम्ही."

गोदाबाईंनी डोळे पुसले आणि बाबांकडे पाहिलं. "तुम्ही शिकेल हाय. पुस्तकं वाचेल हाय. तुम्ही सांगा. हे तोंड माह्या बाचं हाये का नाही?"

बाबा म्हणजे कोण हे इथं सांगायला हवं. कीर्तनकार बुवांना देवळात सगळ्यांसमोर थांबवून शिवाजीमहाराजांचं साल दुरुस्त करणारा माणूस. मी निबंधात एक वाक्य खोटं घातलं, मामांकडे गेले नसताना गेले असं लिहिलं, म्हणून त्यांनी सगळा निबंध पुन्हा लिहायला लावला होता. शिवाय खरं सांगितलं तर सगळ्यांचंच काम होत होतं. लग्न मार्गी लागलं असतं, पुंजाजीचा मान राहिला असता, पदक आमच्या खिशात परत आलं असतं. मी वाट पाहत होते. आता बाबा घसा साफ करतील आणि वर्गातल्यासारखे बोलायला लागतील.

बाबांनी हात पुढे केला. गोदाबाईंनी नाइलाजानं पदक दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पदक उजेडात धरलं. आधी कडेवरचं नाव वाचून दाखवलं, नंबरापासून. गोदाबाईंनी बोटानं ती कड चाचपली. इतकी वर्षं हातात घेऊन तिथं काही लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. मग बाबांनी तोंडाची बाजू वर केली.

"तुमच्या आई म्हणाल्या ते बरोबर आहे," ते म्हणाले. "दाढी तिकडेच वाढवलेली आहे. हिवाळ्यात तिकडे थंडी फार पडते. सगळेच शिपाई वाढवत."

"पाह्य," गोदाबाई मुलाला म्हणाल्या. एवढंच.

पुंजाजी बाबांकडे पाहत राहिला. "गुरुजी, तुम्हीबी..." तो म्हणाला. थोड्या वेळानं तो अंगणात गेला, आणि बल्लीसाठी खड्डा खणायला कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. गोदाबाई आता उठल्या होत्या आणि सगळ्यांना कामं सांगत होत्या. "लेकी, भाकर घे अजून. तुहा बाप काही खाऊ घालत नाही का तुले?" मी भाकरीचे तुकडे करत बसले. बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. वडील परत का आले नाहीत, कळलं कसं, फोटो आहे का, वाटेत पाठ केलेलं काहीच नाही. निघताना त्यांनी देव्हाऱ्यात डोकावून पाहिलं. सुपारी काढली होती.

परतीच्या एसटीत बुलढाणा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. शेवटी म्हणालेच, "बाबा, तो राजा होता."

"माहीत आहे."

"मग तुम्ही खोटं बोललात."

बाबांनी मांडीवर हात पालथे ठेवले होते, बोटांना खडू नव्हता. "तिच्या आईनं नवऱ्याला पाहिलेलं होतं शैला," ते म्हणाले. "तिला माहीत होतं हे तोंड त्याचं नाही ते. तिनं सांगितलेलं मी कोण मोडणारा?" आणि डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. माझे वडील थकलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्याआधी ते थकत नसत, किंवा मी पाहत नसेन.

घरी आईनं विचारलं, "भेटलं मानूस?"

"भेटलं."

"अन् माही अत्तरदाणी?"

"देवात बसली," बाबा म्हणाले. आईनं पाय धुवायला पाणी दिलं.

त्यानंतरही बन्सीशेठचे निरोप येत राहिले. बाबा जात, पदक आणत, मी खडू लावून नाव वाचत असे, ते "या" म्हणत. पण बाजारांच्या फेऱ्या कमी झाल्या, मग थांबल्या. मी कॉलेजला गेले, ग्रंथालयात नोकरीला लागले, लग्न केलं नाही, आईबाबांजवळच राहिले. त्या दिवसाचा राग माझ्या मनात पुष्कळ वर्षं होता. सत्याशी एवढा कडक असलेला माणूस एका ओसरीवर वाकला, तर त्याआधीचं सगळं कडक असणं कशासाठी होतं, असं मला वाटायचं. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत, आणि विचारायची गरजही उरली नाही.

गेल्या महिन्यात अमोलचं लग्न ठरलं. आई बाबांचं नाव न घेता म्हणाली, "यायचा टाक कराले टाक. यायच्याबिगर लगन नाही लागाचं." बन्सीशेठ केव्हाच गेले. त्यांचा मुलगा दुकानात बसतो, हातोड्यांचे आवाज कमी झालेत, बरंचसं काम मशीनवर होतं. त्यानं माझ्यासमोर ठसे मांडले. काठीवाला पुरुष, ढालवाला पुरुष, पगडीवाला पुरुष. सगळ्यांचं तोंड एकच. "फोटोसारखं येते का काही?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, टाकाले कुठं चेहरा असते? पुरुष का बाई, येवढंच पाह्यतात." बाबा उंच, किडकिडीत, डोक्याला टक्कल, जाड काचांचा चष्मा. त्यांनी जन्मात ढाल धरली नाही. मी काठीवाला निवडला. शाळेत छडी असायची, वापरत नसत.

आईला आता नीट दिसत नाही. मोतीबिंदू काढूनही उपयोग झाला नाही. टाक घरी आणला तेव्हा ती मशीनजवळच्या खाटेवर बसली होती. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं अंगठा फिरवला. डोकं, खांदे, काठी. परत डोकं. तिथं अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा आला. ती काय शोधते आहे ते मला कळलं.

"शैले," ती म्हणाली, "चष्मा नाही व याले?"

"काढून ठेवलाय, आई," मी म्हणाले. "निजायला काढायचे ना तसा."

तिनं टाक मुठीत धरून मूठ मांडीवर ठेवली.

"बरं केलं," आई म्हणाली. "नाकावर वळ पडे त्यायच्या."